'कशावरून, मॅडम?' : अजब दिसणाऱ्या चार ठिकाणांचा एक पाठ



दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येक शाळेत सहलीचा विषय निघतो. आमच्याकडेही निघाला. मी चौथीच्या वर्गात विचारलं, "बोला, कुठं जायचं?" बहुतेक हात वॉटर पार्कसाठी वर झाले. मी म्हटलं, "आपल्याच भागातलं काही पाहू या का?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मॅडम, आपल्या इकडं का हाय पाहाले? मिरची अन् धान!"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण तो मुलगा गंमत करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. चौथीच्या पुस्तकात इतिहास म्हणजे शिवराय, रायगड, प्रतापगड. ते शिकवायलाच हवं. पण त्यातून मुलांच्या मनात नकळत एक गोष्ट पक्की होते, की इतिहास दूर कुठंतरी घडतो आणि आपल्या गावात फक्त शेती होते.

मग मला माझंच आठवलं. डी.एड. करत असताना मी कितीतरी वेळा भिवापूरहून छोट्या लाईनीच्या गाडीनं गेले. ठेंगणे डबे, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. पण एवढ्या वर्षांत एकदाही मी कोणाला विचारलं नाही, की ही गाडी इतकी लहान का? आज ती गाडी नाही. आता विचारावंसं वाटतं.

म्हणून या वर्षी मी सहलीचा एक पाठच तयार केला. त्यात चार ठिकाणं घेतली. चारही दिसायला जरा वेगळी, अजब. चारही आमच्या भिवापूरपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी. आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना तीनच प्रश्न विचारायचे :

१. इथं वेगळं काय दिसतं?
२. हे कोणी आणि कशासाठी केलं असेल?
३. हे आपल्याला कशावरून कळतं?

पहिले दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो. तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो. माझ्या अनुभवानं सांगते, खरा पाठ त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे.

ठिकाण पहिलं : भिवापूरची छोटी लाईन

हे सगळ्यात जवळचं. एका शनिवारी आम्ही ते शाळेच्या मैदानावरच सुरू केलं.

नागपूरच्या इतवारी स्टेशनपासून उमरेड, भिवापूर करत नागभीडपर्यंत जाणारी ही १०६ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. बंगाल नागपूर रेल्वे या कंपनीनं ती टाकली आणि १९०८ मध्ये ती सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटची छोटी गाडी धावली आणि ब्रॉडगेजच्या कामासाठी लाईन बंद झाली. म्हणजे १११ वर्षं ही गाडी आपल्या गावातून गेली. १०६ किलोमीटरला ती चार तासांहून जास्त वेळ घ्यायची!

मुलांना 'नॅरोगेज' हा शब्द नुसता सांगितला तर काही कळत नाही. म्हणून मैदानावर चुन्यानं दोन समांतर रेषा आखल्या, मधलं अंतर ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. शेजारी दुसऱ्या दोन रेषा, अंतर १६७६ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच फूट. हे ब्रॉडगेज. मग एकेका मुलाला आडवं झोपायला सांगितलं. ब्रॉडगेजच्या रेषांमध्ये चौथीतलं मूल आरामात मावलं. छोट्या लाईनीत मात्र पाय बाहेर! (हा उपक्रम फक्त मैदानावरच करायचा. खऱ्या रुळांजवळ कधीच नाही. मुलांनाही हे बजावून सांगा.)

आता दुसरा प्रश्न. इतकी लहान लाईन का केली? मुलांची उत्तरं : "लोकं कमी होते म्हणून", "इंजिन लहान होतं म्हणून", "पैसे नव्हते म्हणून". तिसरं उत्तर बरोबर दिशेचं. रूळ जवळ असले की जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान बांधता येतात, वळणं आवळून घेता येतात. खर्च कमी होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ तेव्हाच्या मध्य प्रांतानं सोसले होते. अशा वेळी धान्य आतल्या गावांपर्यंत पोचवायला रस्ते आणि रेल्वे किती गरजेची असते, ते सगळ्यांना कळलं होतं. जिथं मोठी लाईन परवडत नाही तिथं छोटी तरी जावी, हा त्यामागचा सरळ हिशेब.

आणि तिसरा प्रश्न, कशावरून? इथं मी मुलांना गृहपाठ दिला : घरी आजी-आजोबांना विचारा आणि गाडी होती याचा एक पुरावा आणा. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. माझ्या वर्गात 'छोट्या गाडीत कोण बसलं आहे?' असं विचारलं तर अगदी थोडे हात वर आले, आणि त्यांनाही आईच्या मांडीवर बसल्याचंच आठवत होतं. पुढच्या एक-दोन वर्षांत शाळेत गाडी पाहिलेलं एकही मूल उरणार नाही. ज्यांना ती गाडी पाहायची असेल त्यांच्यासाठी नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. २००२ मध्ये ते सुरू झालं. जुनी इंजिनं, डबे, कंदील तिथं आहेत. आपल्या गावच्या गाडीची भावंडं पाहायला मुलांना जरूर न्या.

ठिकाण दुसरं : पवनीच्या टेकड्या

पवनी आपल्याला नवीन नाही. भंडारा जिल्ह्यात असली तरी भिवापूरहून पाऊण तासाच्या आत पोचता येतं. नातेवाईक तिथं, बाजार तिथं, वैनगंगेवर अस्थी विसर्जन तिथं. त्यामुळे मुलं म्हणाली, "मॅडम, पवनी तं पाहिली हाय!"

मी म्हटलं, "बरं, मग सांगा, पवनीत वेगळं काय दिसतं?" कोणी म्हणालं देवळं, कोणी घाट, कोणी जुना दगडी दरवाजा. एक मुलगी म्हणाली, "गावाच्या भोवती मातीचा उंच बांध हाय." शाब्बास! तो बांध म्हणजे प्राचीन नगराची तटबंदी. एका बाजूला नदी, बाकीच्या बाजूंनी तटबंदी आणि खंदक. साध्या बांधासारखा दिसतो म्हणून आपण त्याकडे पाहतच नाही.

आणि टेकड्या? पवनीच्या आसपास जमीन सपाट आहे. नदीकाठचा सपाट भाग. मग मधेच गोल टेकडी कुठून आली? अर्ध्या दिवसाच्या भेटीत आम्ही मुलांना हाच प्रश्न विचारत नेलं. टेकडीवर देऊळ आहे, त्यामुळे मुलं वर देवाला पाया पडतात आणि खाली उतरतात. पायाखाली काय आहे, ते कोणी विचारत नाही.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी इथं उत्खनन केलं. जगन्नाथाच्या देवळाच्या टेकडीखाली आणि दुसऱ्या एका टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाले. दोन हजार वर्षांहून जुने! स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर कोरीव काम आणि ब्राह्मी लिपीतली अक्षरं होती. एका ठिकाणी फणा काढलेला मुचलिंद नागराज कोरला आहे आणि त्याचं नावही कोरलं आहे. गौतम बुद्ध ध्यानाला बसले असताना मोठा पाऊस आला, तेव्हा या नागानं फणा धरून त्यांना सांभाळलं, अशी कथा आहे. गंमत अशी, की त्या काळच्या कोरीव कामात बुद्धांची मूर्ती नसते. रिकामं आसन, चक्र, झाड अशा खुणांनी त्यांचं असणं दाखवतात. मुलांना हे खूप आवडलं. "म्हणजे न दाखवता दाखवलं!" असं एक जण म्हणाला. चित्रकलेच्या तासाला मी याच कल्पनेवर उपक्रम घेतला : आपल्या आजीचं चित्र आजी न काढता काढा. कोणी चष्मा काढला, कोणी काठी, कोणी पानाचा डबा.

अक्षरांचं काय? ती राजानं कोरून घेतलेली मोठाली स्तुती नाही. ज्या माणसांनी खांबासाठी दान दिलं त्यांची नावं आहेत. एका लेखात तर दान देणाऱ्यानं सर्व प्राण्यांना सुख मिळो अशी इच्छा कोरून ठेवली आहे. मुलांना सांगितलं, की आपल्या गावात देवळाच्या फरशीवर 'अमक्याच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं ना, तसंच हे. दोन हजार वर्षांत माणसाची ही सवय बदललेली नाही.

इथं 'कशावरून?' चं उत्तर फार स्पष्ट मिळतं. ऐकीव गोष्ट नाही. खोदलं, खांब निघाले, अक्षरं वाचली, म्हणून कळलं. आणि मुलांना हेही समजलं, की एकाच टेकडीवर खाली स्तूप आणि वर देऊळ असू शकतं. माणसं बदलतात, श्रद्धा बदलतात, पण उंच जागेबद्दलचा आदर राहतो.

ठिकाण तिसरं : जुनापाणीची दगडी वर्तुळं

आता नागपूरची दिवसभराची सहल. शाळकरी सहलीसाठी एसटीची बस सवलतीत मिळते, ती केली. पालकसभेत मी ठिकाणांची यादी वाचून दाखवली तेव्हा एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, दगडं पाहाले पैसे द्याचे का? दगडं तं आमच्या वावरातबी हाय." सगळे हसले. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या वावरातले दगड गोल करून मांडले आहेत का? असतील तर आम्ही तिथंच येतो." तरीही दोन पालकांनी मुलांना पाठवलं नाही. हे मी लपवत नाही. वॉटर पार्क असता तर पाठवलं असतं.

नागपूरहून काटोल रस्त्यानं गेलं की जुनापाणी लागतं. मोकळं, खडकाळ माळरान. पहिल्या नजरेला काहीच दिसत नाही. मुलं म्हणाली, "कुठं हाय?" मी म्हटलं, "तुम्ही त्यातच उभे आहात." मग एकानं बोट केलं आणि मग सगळ्यांना दिसायला लागलं. मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले. एक वर्तुळ, त्याच्या पलीकडे दुसरं, तिसरं. इथं अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत.

दुसरा प्रश्न विचारला. उत्तरं आली : "बैलं बांधाची जागा", "किल्ला", "राक्षसाच्या गोट्या". मी कोणालाच चूक म्हटलं नाही. फक्त विचारलं, "कशावरून?" राक्षसवाला म्हणाला, "दगड लय मोठे हायत, माणसाले उचलत नाही." हेही एक प्रकारचं कारणच आहे ना! मग आम्ही त्यावर बोललो, की वीस-तीस माणसं, लाकडी ओंडके आणि दोर असले तर किती मोठा दगड हलवता येईल. शेतकऱ्यांची मुलं. विहिरीच्या कामाला दगड कसा हलवतात ते त्यांनी पाहिलेलं. राक्षसाची गरज उरली नाही.

ही वर्तुळं म्हणजे दफनाच्या जागा आहेत. साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात राहणाऱ्या लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी त्या बांधल्या. कडेला मोठे दगड, आत माती आणि गोटे भरलेले. त्याखाली मडकी आणि लोखंडाच्या वस्तू. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या वर्तुळांविषयी लिहिलं. पुढं १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. नागपूरजवळच माहुरझरीला अशाच वर्तुळांत माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, आणि घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिनेही. नायकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी मिळाली. म्हणजे आपल्याकडचे लोक तेव्हा लोखंड नुसतं वापरत नव्हते, स्वतः तयार करत होते. हे सांगितल्यावर ज्या मुलाच्या घरी लोहारकाम चालतं, तो एकदम ताठ बसला. मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा लाभ तोच.

काही दगडांवर वाटीसारखे छोटे गोल खड्डे कोरलेले आहेत. तसे खड्डे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या दगडांवरही दिसतात, म्हणून रिव्हेट-कार्नॅकला फार नवल वाटलं होतं. इंग्लंडमधलं स्टोनहेंज तर मुलांनी पुस्तकात, मोबाईलवर पाहिलेलं असतं. पण इथं मुलांना सांभाळून शिकवावं लागतं. दोन ठिकाणच्या गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एकाच माणसांनी केल्या असं होत नाही. चूल जगात सगळीकडे तीन दगडांची असते, म्हणून सगळ्या बायका एका गावच्या नसतात. हे उदाहरण मुलांना लगेच पटलं.

इथं आम्ही एक वर्तुळ पावलांनी मोजलं, होकायंत्रानं दिशा पाहिल्या, वहीत नकाशा काढला. दगडाला हात लावायचा नाही, हलवायचा नाही, नाव कोरायचं नाही, हा नियम आधीच ठरला होता. जाताना पाणी भरपूर न्या, कारण ऊन लागतं.

आणि इथंच मला त्या वडिलांचं वाक्य पुन्हा आठवलं. दगड तर वावरातही आहेत. तेच तर! विदर्भात अशी कितीतरी वर्तुळं शेतीत, रस्त्यात, खाणीत गेली. कोणी वाईट हेतूनं नाही नेली. दगड म्हणजे दगड, एवढंच माहीत होतं म्हणून नेली. ज्या मुलानं एकदा वर्तुळ ओळखलं, तो मोठा झाल्यावर ट्रॅक्टर लावण्याआधी निदान थांबेल. एवढं झालं तरी सहलीचे पैसे वसूल.

ठिकाण चौथं : शून्य मैलाचा दगड, आणि माझी चूक

नागपूरचा झिरो माईल सगळ्यांना माहीत आहे. वालुकाश्माचा खांब, जवळ चार घोडे. वर्दळीच्या रस्त्याकडेला घोडे पाहून मुलं खूश. मी दरवर्षीप्रमाणे सांगितलं, "हा भारताचा मध्यबिंदू."

मागच्या बाकावरचा तोच मुलगा. "कशावरून, मॅडम?"

तीन ठिकाणी मीच शिकवलेला प्रश्न चौथ्या ठिकाणी माझ्यावर आला. माझ्याकडे उत्तर एकच होतं : सगळे म्हणतात. ते काही 'कशावरून'चं उत्तर नाही. मी म्हटलं, "शाळेत गेल्यावर तपासू."

तपासलं. भिंतीवरच्या भारताच्या नकाशावर दोरा लावला. नागपूर ते कन्याकुमारी आणि नागपूर ते काश्मीरचं वरचं टोक. वरचा दोरा लांब भरला. मग नागपूर ते गुजरातचं पश्चिम टोक आणि नागपूर ते अरुणाचलचं पूर्व टोक. इथं तर फरक फारच मोठा! वरच्या वर्गाला हेच आकड्यांत दाखवता येतं. भारताची मुख्य भूमी ८°४' ते ३७°६' उत्तर अक्षांश आणि ६८°७' ते ९७°२५' पूर्व रेखांश यांमध्ये आहे. नागपूर साधारण २१° उत्तर, ७९° पूर्व. दोन्ही टोकांची सरासरी काढली तर २२½° उत्तर, ८२¾° पूर्व येते, म्हणजे छत्तीसगडात. (देशाचा 'मध्य' काढण्याच्या आणखीही पद्धती आहेत. सरासरीची ही सगळ्यात सोपी. पण मुलांना मोजून पाहायला ती पुरते.) शिवाय १९०७ साली, जेव्हा तिथला मूळ दगड बसवला, तेव्हा हिंदुस्थानच्या सीमा आजच्या नव्हत्याच.

मग तो दगड आहे तरी काय? त्यावर कोरलेलं नीट वाचलं तर कळतं. तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमाण उंचीदर्शक दगड आहे. समुद्रसपाटीपासून खांबाच्या माथ्याची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. शेजारच्या खांबावर वेगवेगळ्या गावांची अंतरं आहेत. म्हणजे हा दगड आधी 'किती उंच' याचं उत्तर देतो. 'मध्य' ही गोष्ट लोकांनी मागून जोडली. मी ही चूक किती वर्षं शिकवली, ते मोजायचं धाडस केलं नाही!

मुलांचा पुढचा प्रश्न साधाच होता. "समुद्र तं मुंबईले हाय. इथली उंची कशी मोजली?" याचं उत्तर एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिलं. ते गवंडी आहेत. त्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली आणि दोन भिंतींवर एकसारखी उंची कशी धरायची ते दाखवलं. सर्वेक्षणवाले दुर्बीण आणि खुणांची पट्टी घेऊन असंच एकेक टप्पा पुढं सरकत आले, समुद्रापासून नागपूरपर्यंत. त्या दिवशी ते गवंडीभाऊ आमचे गणिताचे पाहुणे शिक्षक होते.

या सर्वेक्षणाचा एक धागा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. १८०२ मध्ये मद्रासला विल्यम लॅम्बटन यांनी हे काम सुरू केलं. वीस वर्षं दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत ते इकडं आले आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारले. तिथंच त्यांची कबर आहे. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढं नेलं. नंतर याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार यांच्या गणितातून जगातल्या सर्वोच्च शिखराची उंची निघाली आणि १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. एव्हरेस्ट सगळ्या मुलांना पाठ असतं. त्या नावाच्या आधीचा माणूस हिंगणघाटला झोपला आहे, हे किती जणांना माहीत?

सहलीचा शेवट आम्ही अजब बंगल्यात केला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचं हे लोकांनी दिलेलं नाव. १८६३ मध्ये ते सुरू झालं. दिवसभर 'अजब काय?' विचारत फिरलेल्या मुलांना शेवटी 'अजब' नावाच्याच घरात नेलं.

वर्गात कसं घ्यावं?

ज्या शिक्षकांना हा पाठ करायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात :

• वहीच्या पानावर तीन रकाने आखा : दिसलं, ऐकलं, पुरावा. उदाहरणार्थ, झिरो माईल : दिसलं – खांब आणि घोडे. ऐकलं – देशाचा मध्य. पुरावा – दगडावरची उंचीची नोंद. 'ऐकलं' हा रकाना खोडायचा नाही. लोककथाही जपायच्याच असतात, फक्त त्यांचा रकाना वेगळा.

• आधी मुलांना पाहू द्या, मग माहिती सांगा. पोचल्याबरोबर भाषण सुरू केलं की मुलं डोळे बंद करतात. निदान दहा मिनिटं काही बोलू नका.

• एका विषयात अडकू नका. रुळांतलं अंतर हे गणित, पवनीची अक्षरं ही भाषा, लोखंडाची भट्टी हे विज्ञान, 'न दाखवता दाखवणं' ही कला.

• मूल्यमापनाला 'स्तूप केव्हाचा?' असं विचारू नका. 'टेकडीखाली स्तूप आहे हे कशावरून कळलं?' असं विचारा. पाठांतर करून याचं उत्तर येत नाही.

• परवानगी, पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचाराची पेटी, मुलांच्या हजेरीची यादी हे नेहमीचं विसरू नका.

पालकांनाही सांगते, यासाठी शाळेची सहलच लागते असं नाही. तुमच्या गावाच्या वाटेवर एखादा उभा दगड असेल, गोल विहीर असेल, नसत्या जागी टेकडी असेल. गाडी दोन मिनिटं थांबवा आणि मुलाला विचारा. उत्तर तुम्हाला आलंच पाहिजे असं नाही. मला तरी कुठं आलं होतं!

शेवटी

छोट्या गाडीचा पुरावा आणायला सांगितला होता ना? कोणी फोटो आणला, कोणी आजोबांची गोष्ट लिहून आणली. एका मुलीनं रुमालात गुंडाळून काहीतरी आणलं. आजीच्या पेटीतलं पुठ्ठ्याचं जुनं रेल्वे तिकीट, बोटाएवढं. आजी लग्न होऊन भिवापूरला आली ती त्या गाडीनं. पन्नास वर्षं तिनं ते जपलं, आणि घरात कोणी विचारलं नव्हतं. आम्ही ते वर्गात सगळ्यांना दाखवलं आणि जपून परत दिलं. तिकिटाचं चित्र मात्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे.

आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा? मागच्या आठवड्यात मी सांगत होते, की मिरची मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातून आली, पोर्तुगीजांच्या जहाजांमधून, पाचेकशे वर्षांपूर्वी. वर्ग थक्क. त्यानं हात वर केला.

"मग मॅडम, भिवापुरात ते कधी आली? पहिल्यांदा कोणाच्या वावरात लागली?"

मी काही बोलण्याआधीच त्यानं स्वतः वही उघडली, तीन रकाने आखले आणि म्हणाला, "थांबा, आबाले विचारून येतो. मंग पुरावा पाहू."